कॅनडा: वर्क परमिट ते नागरिकत्व, आणि मधले कागद

कॅनडाचा पीआरचा (परमनंट रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याच्या हक्काचा) अर्ज तपासणारा अधिकारी अर्जदाराला बहुधा कधीच भेटत नाही. त्याच्यापुढे असतात ते अपलोड केलेले कागद. कागदावर जे नाही ते घडलंच नाही असं धरून तो चालतो. दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर खरं काय ते पटवून देण्याची जबाबदारी आपली. लोक गुणांची आणि पैशांची जितकी काळजी करतात, त्याच्या निम्मी जरी तारखा आणि नावं जुळवण्याची केली, तरी पुढची बरीच डोकेदुखी वाचते. वर्क परमिट, पीआर, नागरिकत्व या तिन्ही टप्प्यांना हे सारखंच लागू आहे.

म्हणून पोर्टल उघडण्याआधी एक साधी एक्सेल शीट करायची. मागच्या दहा वर्षांचा महिनावार हिशेब: कुठे राहत होतो, काय करत होतो, कोणत्या देशात गेलो आणि कधी परतलो. अर्जातल्या 'पर्सनल हिस्टरी'त एका महिन्याचंही भगदाड चालत नाही. नोकरी सोडून दोन महिने घरी असाल तर सरळ 'अनएम्प्लॉइड' लिहायचं. निकाल लागेपर्यंतचे तीन महिने, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेलेलं वर्ष, सगळं जसंच्या तसं. बेकार असल्याबद्दल कुणी अर्ज नाकारत नाही. पण भोक दिसू नये म्हणून आधीच्या नोकरीची शेवटची तारीख पुढे ताणली, की रिलिव्हिंग लेटर ३१ मार्च सांगतं आणि अर्ज मे सांगतो. इथून 'मिसरिप्रेझेंटेशन'चा, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा, प्रश्न उभा राहतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली तो सिद्ध झाला तर पाच वर्षं दार बंद.

कधीकाळी नाकारलेला व्हिसाही याच शीटमध्ये लिहून ठेवायचा. प्रश्न फक्त कॅनडाचा नसतो, कोणत्याही देशाने नाकारलेला व्हिसा विचारलेला असतो. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा बी१/बी२ नाकारला गेला होता, तो 'जाऊ दे, कोणाला कळतंय' म्हणून गाळणारे बरेच असतात. कॅनडा आणि अमेरिका ही माहिती एकमेकांना देतात. नकार सांगितल्याने सहसा काही बिघडत नाही. लपवल्याने मात्र सगळंच बिघडतं.

आता नावं. हा आपल्या लोकांचा खास त्रास आहे, म्हणून जरा सविस्तर. समजा पासपोर्टवर आडनाव देशपांडे, आणि 'गिव्हन नेम'मध्ये 'अनघा सुहास' आहे, म्हणजे वडिलांचं नाव तिथेच जोडलेलं. मार्कशीटवर 'देशपांडे अनघा सुहास', कधी शेवटी आईचंही नाव. कंपनीच्या पत्रावर 'अनघा एस. देशपांडे'. लग्नानंतर पॅन कार्डावर 'अनघा मंदार कुलकर्णी'. आपल्याला यात काहीच खटकत नाही. पण कॅनडाच्या फॉर्मात मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही, आणि वाचणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. नियम सोपा आहे. अर्जात नाव अक्षरशः पासपोर्टप्रमाणे, पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये दोन शब्द असतील तर इथेही दोन. बाकी सगळी रूपं 'अदर नेम्स'च्या प्रश्नात भरायची. सोबत विवाह नोंदणी दाखला, नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत, आणि या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरी केलेलं शपथपत्र. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल, तर पूर्ण नाव 'फॅमिली नेम'मध्ये टाकून 'गिव्हन नेम' रिकामं सोडतात. पण अर्ज करण्याआधीच पासपोर्ट नीट करून घेणं कधीही चांगलं. एकदा परमिटवर चुकीचं नाव छापलं गेलं की ते सिन (कामासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर), बँक, लायसन्स अशा सगळीकडे पसरतं.

वर्क परमिट दोन प्रकारचं. एक ठरावीक मालकाशी बांधलेलं, दुसरं ओपन, म्हणजे जवळपास कोणत्याही मालकाकडे चालणारं. बांधलेल्या परमिटसाठी बहुतेक वेळा मालकाला आधी एलएमआयए (त्या जागेवर परदेशी कामगार घ्यायला सरकारची मान्यता) मिळवावा लागतो. त्याची प्रत्येक जागेमागे १,००० डॉलर फी मालकानेच भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. 'एलएमआयए मिळवून देतो, इतके हजार डॉलर द्या' असं म्हणणारा जो कोणी असेल, तिथून उठून यायचं. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत (पीआरसाठी गुणांवर निवड करणारी पद्धत) नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही बंद झाले आहेत. म्हणजे गुणांसाठी एलएमआयए विकत घेण्याला आता कायद्याने तर नाहीच, हिशेबानेही अर्थ उरला नाही.

शिकायला आलेल्यांना पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि आयुष्यात एकदाच. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं कॉलेजने कळवल्यापासून १८० दिवसांत अर्ज करायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षाही लागते: विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी (भाषा मोजायची कॅनडाची पातळी) ७, कॉलेजच्या डिप्लोमाला सीएलबी ५. इथली सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक म्हणजे पासपोर्टची मुदत. पासपोर्ट दीड वर्षाने संपत असेल तर परमिटही दीड वर्षाचंच छापून येतं, हक्क तीन वर्षांचा असला तरी. उरलेली मुदत नंतर मागता येते, पण त्याला वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी वाट पाहणी. पासपोर्ट आधी नूतनीकरण करा, मग परमिटला हात लावा.

नवरा किंवा बायको आपोआप ओपन वर्क परमिटवर येईल हे गृहीत धरणं आता चूक आहे. २१ जानेवारी २०२५ पासून नियम आवळले गेले. कामगाराची नोकरी टीईईआर (नोकऱ्यांची सरकारी श्रेणी, ० सर्वांत वरची) ० किंवा १ मधली, किंवा २ आणि ३ मधल्या निवडक व्यवसायांपैकी हवी, आणि जोडीदाराचा अर्ज जाईल तेव्हा कामगाराच्या परमिटची निदान १६ महिने मुदत शिल्लक हवी. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना तर मास्टर्स १६ महिन्यांचं किंवा जास्त, डॉक्टरेट, किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्या असतील तरच.

परमिट संपत आलं आणि पीआर अजून लटकलेलं, ही अवस्था फार जणांची होते. इथे एकच तारीख महत्त्वाची: परमिटवरची शेवटची. त्या तारखेच्या आत मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन पोचला, तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर काम करत राहता येतं. याला 'मेन्टेन्ड स्टेटस' म्हणतात. हे कॅनडात असेपर्यंत टिकतं. मधेच भारतात येऊन परत गेलात, तर नवं परमिट हाती पडेपर्यंत कामाचा हक्क गेलेला असतो. अर्ज नाकारला गेला तर त्या दिवसापासून काम थांबवायचं, उद्यापासून नाही. मुदत चुकली तर ९० दिवसांत 'रेस्टोरेशन', म्हणजे गेलेलं स्टेटस परत, मागता येतं, पण त्या काळात नोकरी करता येत नाही, आणि मालक तितके दिवस थांबेलच असं नाही. पूर्वी लोक अमेरिकेच्या सीमेवर जाऊन वळसा घालून त्याच दिवशी परमिट घेऊन यायचे. २३ डिसेंबर २०२४ पासून ते बंद आहे. पीआरचा अर्ज दाखल होऊन त्याची पोच मिळाली असेल तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट (पीआरच्या निर्णयापर्यंत काम करू देणारं) हा सरळ मार्ग. आणखी एक, परमिट म्हणजे व्हिसा नव्हे. परमिट दोन वर्षांचं आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, असं सहज होतं. त्या अवस्थेत भारतात गेलात तर नवा व्हिसा लागेपर्यंत तिथेच. ९ ने सुरू होणारा सिनही परमिटच्या तारखेला संपतो, नव्या परमिटबरोबर तो सर्व्हिस कॅनडाकडून वाढवून घ्यावा लागतो.

पीआरसाठी बहुतेक जण एक्स्प्रेस एन्ट्रीने जातात. ही पद्धत जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. गुण १,२०० पैकी, त्यातले ६०० प्रांताच्या नॉमिनेशनचे (कॅनडातल्या एखाद्या प्रांताने केलेल्या शिफारशीचे), जे मिळाले तर बाकी हिशेब संपलाच. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या वयात, एकट्या अर्जदाराला ११०. तिशीपासून दरवर्षी पाच-सहा, चाळिशीनंतर अकरा गळत जातात आणि ४५ ला शून्य. वयाचं काही करता येत नाही, शिक्षण झालेलं असतं. हातात राहते ती भाषा, आणि तिथे लोक आळस करतात.

हिशेब बघा. एकटा अर्जदार, मास्टर्स झालेलं, भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव. आयईएलटीएस जनरलमध्ये ऐकण्यात ८, वाचनात ७, बोलण्यात ७, आणि लेखनात ६.५. लेखनाचे ६.५ म्हणजे सीएलबी ८, ७ असते तर सीएलबी ९. या अर्ध्या बँडने थेट भाषेचे गुण ३१ ऐवजी २३ होतात, म्हणजे आठच गेले असं वाटतं. पण शिक्षण-भाषा आणि परदेशी अनुभव-भाषा या जोड्यांचे गुण चारही विभागांत सीएलबी ९ असेल तरच पूर्ण मिळतात. दोन्हीकडे ५० च्या जागी २५. एकूण ५८ गुण गेले, एका लेखनामुळे. कटऑफच्या आसपास असणाऱ्याला पुन्हा परीक्षा देण्यासारखी दुसरी स्वस्त गुंतवणूक नाही. आयईएलटीएस जमत नसेल तर सेल्पिप किंवा पीटीई कोअर देता येते. ॲकॅडेमिक आयईएलटीएस मात्र इथे चालत नाही, हे माहीत नसल्याने फी वाया घालवणारे दरवर्षी भेटतात. निकाल दोन वर्षं चालतो, आणि तो अर्ज सबमिट करण्याच्या दिवशी जिवंत असावा लागतो, फक्त प्रोफाइल बनवण्याच्या नव्हे. २०२३ पासून ठरावीक गटांसाठी वेगळे ड्रॉही (निवडीच्या फेऱ्या) निघतात. फ्रेंचमध्ये चारही विभागांत एनसीएलसी (सीएलबीसारखीच फ्रेंचची पातळी) ७ गाठणाऱ्याला त्यांचा मोठा फायदा होतो. पण त्यासाठी वर्ष-दीड वर्ष जीव ओतून अभ्यास करावा लागतो, हे कोचिंगवाले सांगत नाहीत.

भारतातल्या पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं चालतं. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट गेलं पाहिजे, आपण स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. हेलपाटे इथेच पडतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करायचं. तीन वर्षांच्या पदवीला १२० गुण मिळतात. त्यावर एक वर्षाचा मान्य डिप्लोमा असेल तर 'दोन किंवा अधिक' या खात्यात १२८, आणि वरच्या जोडीच्या गुणांतही तो मास्टर्सच्या बरोबरीने धरला जातो. म्हणून सगळ्या पदव्यांचं मूल्यांकन करून घ्यायचं, फक्त शेवटच्या पदवीचं नाही.

अनुभवाचं पत्र हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. आपल्याकडच्या कंपन्या रिलिव्हिंग लेटरवर पद आणि दोन तारखा देतात, बस्स. कॅनडाला हवं ते असं: कंपनीच्या लेटरहेडवर, सही आणि संपर्कासह, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर लाभ, आणि प्रत्यक्ष कामांची यादी. तास नसले की अधिकाऱ्याला ते पूर्णवेळ होतं की नाही कळत नाही. कामांची यादी नसली की एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसाय-यादीतला तुमच्या कामाचा क्रमांक) पडताळता येत नाही. एनओसी २०२१ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे आणि कोड पदाच्या नावावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. 'असोसिएट कन्सल्टंट' या पदाखाली कुणी प्रोग्रॅमिंग करतो, म्हणजे २१२३२, कुणी सिस्टीम अ‍ॅनालिसिस करतो, म्हणजे २१२२२. कोडचं मुख्य वर्णन आणि बरीचशी कामं जुळली पाहिजेत. पण सरकारी संकेतस्थळावरची वाक्यं उचलून पत्रात चिकटवू नका. ती वाक्यं अधिकारी रोज वाचतो, त्याला लगेच ओळखू येतात. आपण काय करत होतो ते आपल्या शब्दांत, कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या प्रकारची प्रणाली, किती जणांची टीम, असं लिहून एचआरला मसुदाच द्यावा. एचआर ठाम नकार देत असेल तर तेव्हाच्या मॅनेजरचं नोटरी केलेलं निवेदन, सोबत नियुक्तीपत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, आणि कंपनी असं पत्र का देत नाही याचं अर्धं पान. एचआरचा नकाराचा ईमेलही जोडायचा, तो पुरावाच आहे.

कॅनडातल्या अनुभवावर सीईसीतून (कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास, एक्स्प्रेस एन्ट्रीतला एक गट) जाणाऱ्यांना मागच्या तीन वर्षांत १,५६० तास लागतात. आठवड्याला ३० पर्यंतच तास धरतात. ५० तास राबून वर्षाचं काम सहा-सात महिन्यांत पुरं होत नाही. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम यात धरत नाहीत, स्वतःचा धंदाही नाही.

इन्व्हिटेशन (पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण) आल्यावर ६० दिवस मिळतात आणि ते वाढत नाहीत. पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला), वैद्यकीय तपासणी, बँकेची पत्रं एवढ्यात गोळा करणं शक्य असतं, पण विद्यापीठ किंवा जुनी कंपनी यात अडकली असेल तर नाही. म्हणून इन्व्हिटेशन आलं तेव्हा पत्रं तयारच हवीत. पीसीसी मागच्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या, कॅनडा सोडून प्रत्येक देशाचं लागतं. सध्या राहत असलेल्या देशाचं सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. बाकी देशांचं, तिथला मुक्काम संपल्यानंतरचं हवं. कंपनीच्या कामासाठी आठ महिने सिंगापूरला असाल तर तेही आलं, आणि तिथलं मिळायला वेळ लागतो. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करून घ्यावी लागते.

पैशांचा पुरावा सीईसीला लागत नाही. ज्यांना लागतो त्यांच्यासाठी बँकेचं पत्र हवं: खाती कधी उघडली, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कर्जं. राहत्या घराची किंमत यात धरत नाहीत. वडिलांनी आदल्या आठवड्यात खात्यात टाकलेले वीस लाख सरासरीत बसत नाहीत आणि ते उसने आहेत असं वाटतं. ती भेट असेल तर भेटपत्र आणि वडिलांच्या खात्याचं स्टेटमेंट जोडायचं.

अपलोड करतानाची एक बारकाई. पोर्टलवर एका रकान्यात एकच फाइल जाते आणि ती ४ एमबीच्या आत हवी, म्हणून सगळं एका पीडीएफमध्ये जोडायचं. आपल्या बँकांची ई-स्टेटमेंट पासवर्ड लावलेली असतात. ती तशीच चढवली तर समोरच्याला उघडणार नाहीत, आणि न उघडणारी फाइल म्हणजे न दिलेला कागद. कागद कमी असला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो आणि इन्व्हिटेशनही त्यासोबत जातं. आधी पासवर्ड काढून नवी प्रत सेव्ह करा, मग ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. मराठीतला जन्मदाखला असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर आणि मूळ प्रत, दोन्ही एकत्र.

कुटुंबातला प्रत्येक जण जाहीर करायचा, सोबत येणार नसला तरी. घटस्फोटित जोडीदाराकडे असलेलं मूलही. जे मूल किंवा जोडीदार तपासणीत आला नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून स्पॉन्सर करणं जवळजवळ अशक्य होतं. अर्जानंतर लग्न झालं किंवा बाळ झालं, तर लँडिंगच्या (पीआर प्रत्यक्ष लागू होण्याच्या) आधी कळवायचंच. तसं केल्याने उशीर होतो, पण तो उशीर परवडतो.

कन्सल्टंट हवाच असं नाही. घेतलाच तर तो कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहायचं. आणि पोर्टलचा पासवर्ड आपल्याकडेच. 'माझं नाव फॉर्ममध्ये टाकू नका' असं म्हणणारा कन्सल्टंट म्हणजे धोक्याची घंटा, कारण पैसे घेऊन काम करणाऱ्या प्रतिनिधीचं नाव देणं बंधनकारक आहे.

पीआर झाल्यावर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर जात नाही, फक्त विमानात बसता येत नाही. नागरिकत्वाला मात्र अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस हवेत. पीआरच्या आधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला दिवस अर्धा धरतात, कमाल ३६५ पर्यंत. म्हणजे आधीची दोन वर्षं राहिलेली असली तर पीआरनंतर ७३० दिवसांत हिशेब पुरा होतो. पाच वर्षांची ही खिडकी सरकती आहे. अर्ज लांबवत गेलात तर सुरुवातीचे दिवस मागून गळून जातात. निघाल्याचा आणि परतल्याचा, दोन्ही दिवस कॅनडातच धरले जातात. नायगाऱ्याहून पलीकडे जाऊन दोन रात्री राहिलेली सहल लोक विसरतात, पण बाहेर पडल्याची नोंद सरकारकडे असते. म्हणून जुने पासपोर्ट फेकायचे नाहीत आणि काठावर अर्ज करायचा नाही. २०-३० दिवस वरचढ ठेवले तर एखादी विसरलेली सहल अर्ज बुडवत नाही. पाचपैकी तीन वर्षांचा आयकर भरलेला हवा, जिथे भरणं बंधनकारक होतं तिथे. १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा, सीएलबी ४, आणि वीस प्रश्नांची परीक्षा, पंधरा बरोबर यायला हवेत. परीक्षा अवघड नाही. 'डिस्कव्हर कॅनडा' ही सरकारी पुस्तिका दोनदा नीट वाचली तर होते.

शपथ घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ हे सांगतं, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. मुदत शिल्लक असली तरी भारतीय पासपोर्ट त्यानंतर वापरणं गुन्हा आहे. क्रम असा: नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, मग कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि त्यानंतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड). ओसीआय हाती येईपर्यंत भारतात यायला व्हिसा लागतो. त्यामुळे शपथविधीच्या पुढच्या महिन्यातलं गावच्या लग्नाचं तिकीट आधी काढून ठेवू नका. ओसीआयवर मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकते. ज्यांच्या नावावर सातबारा चढायचा आहे, त्यांनी शपथेच्या आधी वकिलाला विचारून घ्यावं.